विहीर खोदताना खडकातील भेगा ओळखणे: विवर-प्रतिमा कशा घ्याव्यात आणि कशा वाचाव्यात

विहीर खोदताना वर येतो तो खडकाचा चुरा. चुऱ्यावरून खडकाचा प्रकार कळतो. भेगा मात्र कळत नाहीत, कारण भेगेचा माग बिटच्या, म्हणजे खडक कापणाऱ्या टोकाच्या, दातांखालीच पुसला जातो. गाभा, म्हणजे कोअर, काढला तरी अडचण संपत नाही. खडक जिथे सर्वाधिक भेगाळलेला असतो नेमका तिथेच गाभा तुकड्यातुकड्यांनी येतो किंवा हातीच लागत नाही, आणि जो सलग मिळतो तोही वर येईपर्यंत नळीत फिरलेला असल्यामुळे त्यातील भेग कोणत्या दिशेला कललेली होती हे सांगता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी विवराच्या, म्हणजे खोदलेल्या छिद्राच्या, भिंतीची सर्व बाजूंनी प्रतिमा घेतली जाते. कठीण खडकातील भूजल, भूऔष्णिक ऊर्जा, तेल-वायू, धरणांचे पाये आणि बोगदे या सगळ्याच कामांत तिचा उपयोग होतो.

या कामात नव्याने येणाऱ्यांनी एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. प्रतिमेवर दिसणारी रेघ हे भेगेचे छायाचित्र नसते. बहुतेक उपकरणांच्या बाबतीत ते विद्युत रोधकतेचे किंवा ध्वनीच्या परावर्तनाचे मोजमाप असते, जे रंगांत मांडलेले असते. म्हणून प्रत्येक रेघेला दोन प्रश्न विचारावे लागतात: ही भेग बिट येण्यापूर्वी खडकात होती की खोदाईने निर्माण झाली, आणि पूर्वीपासून होती तर ती आज उघडी आहे का. सॉफ्टवेअरमध्ये वक्र काढायला कोणीही लवकर शिकतो. खरे कौशल्य या दोन प्रश्नांची उत्तरे देण्यात आहे आणि पुढील पायऱ्यांचा रोखही तिकडेच आहे.

पहिली पायरी: विवरात कोणता द्रव आहे ते पाहून उपकरण निवडणे

उपकरणाची निवड खडकापेक्षा विवरातील द्रवावर अधिक अवलंबून असते. विवर कोरडे असेल किंवा त्यात स्वच्छ पाणी असेल तर ऑप्टिकल टेलिव्ह्यूअर वापरता येतो. हा कॅमेरा भिंतीचा पूर्ण परीघ रंगीत टिपतो. एका फेऱ्यात ७२० बिंदू घेणारे उपकरण २१६ मिलिमीटर व्यासाच्या विवरात साधारणपणे एकेका मिलिमीटरवर एक बिंदू नोंदवते, त्यामुळे भेगेतील खनिजाचा रंगही ओळखता येतो. पाणी गढूळ असेल तर मात्र त्याचा उपयोग शून्य. अशा वेळी विवर स्वच्छ पाण्याने धुऊन गाळ खाली बसेपर्यंत थांबावे लागते, आणि हा वेळ वेळापत्रकात आधीच धरून ठेवावा.

गढूळ पाण्यात किंवा मडमध्ये, म्हणजे खोदाईसाठी विवरात फिरवल्या जाणाऱ्या चिखलासारख्या द्रवात, अकूस्टिक टेलिव्ह्यूअर चालतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मोबिल कंपनीच्या संशोधकांनी पुढे आणलेले हे तंत्र आजही मूळ तत्त्वावरच काम करते: फिरता स्रोत श्राव्यातीत ध्वनीचे स्पंद भिंतीकडे सोडतो आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीची तीव्रता व त्याला लागलेला वेळ या दोन्हींची नोंद ठेवतो. भेगेच्या कडांवर ध्वनी विखुरतो, म्हणून तीव्रतेच्या प्रतिमेत ती काळी दिसते. भिंत तिथे खरोखर खचलेली असेल तर लागलेला वेळही वाढतो. विवरात द्रव असणे मात्र अनिवार्य आहे, आणि मड फार जड असेल किंवा विवर फार रुंद असेल तर ध्वनी वाटेतच क्षीण होतो.

तिसरा प्रकार विद्युत प्रतिमेचा. यात भिंतीला टेकवलेल्या पॅडवरील लहान लहान इलेक्ट्रोडमधून खडकात प्रवाह सोडला जातो. बरेच वापरले जाणारे एक उपकरण चार भुजांवरील १९२ इलेक्ट्रोड वापरते आणि त्याची विभेदनक्षमता, म्हणजे बारीक तपशील वेगळा दाखवण्याची क्षमता, सुमारे ५ मिलिमीटर असते. पॅडच्या मधल्या जागेत काहीच मोजले जात नाही, त्यामुळे प्रतिमेत उभे पांढरे पट्टे राहतात. साडेआठ इंची विवरात भिंतीचा साधारण ८० टक्के भाग व्यापला जातो आणि विवर रुंदावत जाईल तसा हा वाटा घटतो. पाण्यावर आधारित मडमध्ये हे उपकरण उत्तम चालते. तेलावर आधारित मड विद्युतरोधक असल्यामुळे तिथे वेगळ्या रचनेची उपकरणे लागतात आणि त्यांच्या प्रतिमेचा अर्थही वेगळा लावावा लागतो.

दुसरी पायरी: खोदाई चालू असतानाची प्रतिमा

वर सांगितलेली उपकरणे सहसा खोदाई थांबवून, ड्रिल पाइप बाहेर काढून, वायरलाइनवर, म्हणजे केबलला टांगून, सोडली जातात. याउलट खोदाईदरम्यानच्या लॉगिंगमध्ये, म्हणजे खोलीनुसार मोजमापे नोंदवण्यात, संवेदक बिटच्या थोडे वर, ड्रिल पाइपांच्या माळेतच बसवलेला असतो. माळ फिरते तसा संवेदक परिघाची नोंद घेत जातो. वेगळी फिरती यंत्रणा लागत नाही. याचाच दुसरा अर्थ असा की माळ फिरली नाही तर प्रतिमाही मिळत नाही. दिशा बदलण्यासाठी माळ न फिरवता केवळ मड मोटरवर, म्हणजे मडच्या प्रवाहाने बिट फिरवणाऱ्या मोटरवर, खोदाई केली जाते तेव्हा त्या टप्प्यात परिघाची नोंद होत नाही, आणि नवखा वाचक त्या सपाट पट्ट्याला भेगाविरहित खडक समजून बसतो.

येथे तीन मर्यादा सांभाळाव्या लागतात. पहिली विभेदनाची. घनतेच्या प्रतिमेत परीघ बहुधा १६ भागांत विभागलेला असतो. त्यातून थरांचा कल चांगला कळतो, पण भेगा क्वचितच दिसतात. रोधकतेच्या उपकरणात ५६ किंवा त्याहून जास्त भाग असू शकतात आणि मोठ्या, ठळक भेगा त्यात पकडता येतात. भेगा हाच उद्देश असेल तर घनतेच्या प्रतिमेवर समाधान मानू नये. दुसरी मर्यादा संदेशवहनाची. मडमधील दाबाच्या स्पंदांतून माहिती वर पाठवली जाते तेव्हा दर सेकंदाला काही मोजके ते काही दशक बिट (येथे माहितीचे एकक) एवढाच वेग मिळतो. त्यामुळे पडद्यावर तत्काळ दिसते ती आटवलेली प्रतिमा, आणि पूर्ण तपशील उपकरणाच्या स्मृतीतून ते बाहेर काढल्यावरच मिळतो. तत्काळ प्रतिमेवरून निर्णय घ्यावेत, पण अंतिम भेग-यादी तिच्यावरून कधीही करू नये. तिसरी मर्यादा अंतराची: संवेदक बिटच्या १० मीटर वर असेल आणि खोदाई ताशी १० मीटरने चालू असेल तर आपण तासाभरापूर्वी कापलेला खडक पाहत असतो.

या उशिराची भरपाई पृष्ठभागावरील निरीक्षणांतून करता येते. खोदाईचा वेग अचानक वाढणे, बिट एकाएकी खाली जाणे आणि विशेषतः टाकीतील मडची पातळी घटणे या खुणा उघड्या भेगेकडे बोट दाखवतात. मडचा लोप सुरू झालेली वेळ आणि त्या वेळची बिटची खोली टिपून ठेवावी व संवेदक तिथे पोहोचल्यावर प्रतिमेशी ताडून पाहावी. मात्र मड नेहमी बिटपाशीच मुरतो असे नाही. मडचे वजन किंवा पंपाचा दाब वाढल्यानेही वरची एखादी भेग उघडते आणि लोप तिथे होतो.

खोदाईदरम्यानच्या प्रतिमेचा एक मोठा फायदा पुरेसा वापरला जात नाही, असे मला वाटते. माळ वर-खाली हलवताना तोच भाग काही तासांनी किंवा दिवसांनी पुन्हा टिपता येतो. पहिल्या फेरीत नसलेली आणि दुसऱ्या फेरीत उगवलेली भेग नैसर्गिक असण्याची शक्यता फारच थोडी. पुढे चौथ्या पायरीत ज्या प्रश्नावर डोकेफोड करावी लागते त्याचे उत्तर अनेकदा या दोन फेऱ्यांच्या तुलनेत आयतेच मिळते.

तिसरी पायरी: वाचण्यापूर्वी प्रतिमा तपासणे आणि वक्र मांडणे

प्रतिमा हाती आल्याबरोबर भेगा शोधायला बसू नये. आधी दिशा तपासावी. उपकरणातील चुंबकीय संवेदकाने मोजलेली क्षेत्राची तीव्रता आणि चुंबकीय नमन त्या ठिकाणच्या ज्ञात मूल्यांशी जुळते का हे पाहावे. जुळत नसेल तर जवळ लोखंड आहे, किंवा खडकातच मॅग्नेटाइटसारखे खनिज भरपूर आहे. केसिंगच्या, म्हणजे विवरात बसवलेल्या पोलादी नळीच्या, तळाखालील काही मीटरमधील दिशा याच कारणाने अविश्वसनीय असतात. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक, म्हणजे दिक्पात, दुरुस्त केला आहे की नाही आणि केला असेल तर एकदाच केला आहे ना, हेही विचारून घ्यावे. क्षेत्रावर एकाने आणि कार्यालयात दुसऱ्याने तोच फरक मिळवण्याचे प्रकार घडतात.

त्यानंतर खोली. केबलला ताण बसतो, उपकरण मध्येच अडकते आणि झटक्याने सुटते; अशा वेळी प्रतिमेत काही भाग ताणलेला तर काही भाग दाबलेला दिसतो. त्वरणमापकाच्या नोंदीवरून वेगाची दुरुस्ती करावी आणि गॅमा लॉगशी, म्हणजे खडकाच्या नैसर्गिक किरणोत्साराच्या नोंदीशी, खोली जुळवून घ्यावी. एखादा छोटा टप्पा दोनदा टिपून दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवाव्यात. दोन्हींपैकी एकातच दिसते ती रेघ खडकाची नव्हे. शेवटी रंगांची मांडणी पाहावी. संपूर्ण विवरासाठी एकच रंगपट्टी वापरली तर खडकांतील फरक कळतात, आणि दर मीटर-दोन मीटरसाठी रंग नव्याने ताणले तर बारीक भेगा उठून दिसतात. दोन्ही मांडण्या शेजारी ठेवूनच वाचन करावे, कारण ताणलेल्या रंगांत क्षुल्लक फरकही भेगेसारखा गडद भासतो.

विवराची गोल भिंत उलगडून सपाट केली की तिला तिरपे छेदणारे प्रतल साइन वक्राच्या रूपात दिसते. ज्यांना हे डोळ्यांसमोर आणणे कठीण जाते त्यांनी पुठ्ठ्याच्या नळीभोवती कागद गुंडाळून ती तिरपी कापावी आणि कागद उलगडून पाहावा. उभ्या विवरात वक्राचा सर्वांत खालचा बिंदू नतीची, म्हणजे प्रतलाच्या आडव्या पातळीपासूनच्या उताराची, दिशा दाखवतो. वक्राच्या शिखरापासून तळापर्यंतची उंची भागिले विवराचा व्यास, ही नतीच्या कोनाची टॅन्जंट. २१६ मिलिमीटर व्यासाच्या विवरात वक्राची उंची ३७४ मिलिमीटर असेल तर भागाकार १.७३ येतो, म्हणजे नती ६० अंश. व्यास कॅलिपरचा, म्हणजे विवराचा व्यास प्रत्यक्ष मोजणाऱ्या उपकरणाचा, घ्यावा, बिटचा नव्हे. भिंत ढासळून तोच व्यास २४० मिलिमीटर झाला असेल तर नती साधारण ५७ अंशच भरते. विवर तिरपे असेल तर वक्रावरून मिळणारा कोन विवराच्या अक्षाच्या संदर्भातला असतो, आणि विवराचा कल व दिशा विचारात घेऊन तो खऱ्या नतीत बदलावा लागतो. सॉफ्टवेअर हे आपोआप करते, परंतु त्याला विवराच्या मार्गाची योग्य नोंद दिली आहे याची खात्री आपणच करायची.

याच गणितातून एक सापळा तयार होतो. ८५ अंश नतीच्या भेगेचा वक्र त्याच विवरात जवळजवळ अडीच मीटर उंचीचा होतो. पडद्यावर एका वेळी मीटरभर भागच पाहत असाल तर तुम्हाला वक्र दिसणारच नाही. समोरासमोरच्या दोन उभ्या रेघा दिसतील. आणि समोरासमोरच्या दोन उभ्या रेघा हीच खोदाईने पडलेल्या भेगेचीही खूण आहे. म्हणून प्रत्येक टप्पा दोन वेगवेगळ्या मापांवर पाहण्याची सवय लावून घ्यावी.

चौथी पायरी: नैसर्गिक की खोदाईने पडलेली

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि तिच्यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय केवळ खुणा पाठ करून भागत नाही. जमिनीखालच्या खडकावर सर्व बाजूंनी प्रतिबल, म्हणजे दर क्षेत्रफळामागील बल, असते आणि आडव्या दिशांमध्ये ते सहसा सारखे नसते. विवर खोदले की जागेवरचा खडक निघून जातो आणि त्याने पेललेला भार भिंतीभोवती वळतो. उभ्या विवरात कमाल आडव्या प्रतिबलाच्या दिशेला भिंतीवरील दाब सर्वांत कमी होतो; तिथे मडचा दाब जास्त असेल, किंवा थंड मडमुळे खडक आकुंचन पावत असेल, तर भिंत ताणाने फाटते. त्याच्याशी काटकोनात, म्हणजे किमान आडव्या प्रतिबलाच्या दिशेला, भिंतीवरील दाब सर्वांत जास्त होतो. तिथे खडक चुरडून ढलप्या पडतात आणि विवर लांबट होते. या ढलप्यांच्या पट्ट्यांना ब्रेकआउट म्हणतात.

म्हणून खोदाईने पडलेली ताणभेग दोन अरुंद उभ्या रेघांच्या रूपात, एकमेकींपासून १८० अंशांवर दिसते. ती पूर्ण वक्र तयार करत नाही, विवराच्या अक्षाला धरून चालते आणि तिची दिशा बरेच अंतर जवळपास तीच राहते. विवराचा अक्ष आणि प्रतिबलाची दिशा जुळत नसेल तर सलग रेघेऐवजी एकाखाली एक तिरप्या छोट्या रेघांची रांग दिसते. नवखे वाचक अशा प्रत्येक तुकड्याला वेगळी नैसर्गिक भेग समजून वक्र बसवतात, आणि यादीत अस्तित्वातच नसलेल्या डझनभर भेगा शिरतात. ब्रेकआउट ओळखणे त्यामानाने सोपे: दोन रुंद, ओबडधोबड कडांचे काळे पट्टे, तेही समोरासमोर, आणि प्रतिध्वनीला लागलेला वेळ स्पष्टपणे वाढलेला.

नैसर्गिक भेगेची वागणूक वेगळी असते. ती विवराला आरपार छेदते, तिची दिशा सध्याच्या प्रतिबलाशी बांधलेली नसते, तिच्या दोन्ही बाजूंचे थर कधी सरकलेले दिसतात, एखाद्या थराच्या सीमेवर ती अचानक थांबू शकते, आणि तिच्यात खनिज भरलेले असू शकते. तरीही काही रेघा संशयितच राहतात. उभी नैसर्गिक भेग नेमकी कमाल प्रतिबलाच्या दिशेत असेल तर ती ताणभेगेपासून वेगळी काढणे केवळ प्रतिमेवरून शक्य नसते. तेव्हा दुसऱ्या फेरीची प्रतिमा, गाभा किंवा मडच्या दाबाची नोंद यांचा आधार घ्यावा. तोही नसेल तर त्या रेघेला 'अनिश्चित' हा वेगळा वर्ग द्यावा. अनिश्चिततेचा रकाना रिकामा असलेली भेग-यादी मला नेहमी संशयास्पद वाटते.

खोदाईने पडलेल्या भेगा वगळायच्या म्हणजे फेकून द्यायच्या नाहीत. त्या आणि ब्रेकआउट मिळून आडव्या प्रतिबलाची दिशा सांगतात. जर्मनीत १९९४ मध्ये ९,१०१ मीटर खोलीवर थांबलेल्या केटीबी या संशोधन-विवरात अशाच खुणांवरून कित्येक किलोमीटर खोलीपर्यंतच्या प्रतिबलांचा अंदाज बांधता आला. म्हणून त्यांची यादी वेगळी ठेवावी आणि तिच्यातही दिशा व खोली तितक्याच काळजीने लिहावी.

पाचवी पायरी: उघडी की भरलेली

पाण्यावर आधारित मडमध्ये उघडी भेग वाहक द्रवाने भरते, म्हणून विद्युत प्रतिमेत ती काळी दिसते; कॅल्साइट किंवा क्वार्ट्झने भरलेली भेग खडकाइतकीच किंवा अधिक रोधक असल्यामुळे उजळ दिसते. हा नियम सोयीचा आहे, पण त्याला अपवाद आहेत. चिकणमाती किंवा पायराइटने भरलेली भेग बंद असूनही काळीच दिसते. तेलावर आधारित मडमध्ये तर उघडी आणि खनिजाने भरलेली अशा दोन्ही भेगा रोधक दिसतात. म्हणून विद्युत प्रतिमेच्या जोडीला ध्वनी-प्रतिमा असणे फार उपयोगाचे: विद्युत प्रतिमेत काळी असलेली भेग ध्वनी-प्रतिमेतही काळी असेल तर ती उघडी असल्याचा दावा बळकट होतो.

रेघेच्या जाडीवरून भेगेची रुंदी मोजू नये. प्रवाह वाहक भेगेकडे ओढला जातो, त्यामुळे इलेक्ट्रोडपेक्षा कितीतरी पटींनी अरुंद भेगही प्रतिमेत जाड उमटते. रुंदीचा अंदाज जादा प्रवाह, मडची रोधकता आणि भिंतीलगतच्या खडकाची रोधकता यांच्या संबंधावरून काढतात. १९९० मध्ये ल्युथी आणि सुएते यांनी मांडलेले सूत्र यासाठी वापरले जाते. त्यातून येते तीही भिंतीपाशी भासणारी रुंदी, खडकात आत असलेली नव्हे.

उघडी दिसणारी प्रत्येक भेग पाणी किंवा तेल वाहून नेतेच असे नाही. उलट बहुतेक विवरांत मोजक्याच भेगांतून बहुतांश प्रवाह येतो. त्या शोधण्यासाठी तापमानाचा लॉग, प्रवाहमापक, स्टोनली तरंगांचा (विवराच्या भिंतीलगत चालणाऱ्या ध्वनितरंगांचा) लॉग आणि पॅकर (विवराचा टप्पा बंद करणारे फुगीर बूच) लावून घेतलेली पाणी-चाचणी यांची खोली प्रतिमेशी जुळवावी. पॅकर चाचणीचे फळ ल्युजॉनमध्ये सांगतात. १ मेगापास्कल दाबाखाली दर मीटर लांबीत मिनिटाला १ लिटर पाणी मुरले तर ते १ ल्युजॉन. चाचणीचे टप्पे प्रतिमा पाहून आखले तर वाहती भेग आणि कोरडी भेग एकाच टप्प्यात अडकत नाहीत.

सहावी पायरी: मोजणी दुरुस्त करून नोंद करणे

उभे विवर उभ्या भेगांना क्वचितच भेटते. ८५ अंश नतीच्या समांतर भेगा एकमेकींपासून १ मीटर अंतरावर असल्या, तरी उभ्या विवरात त्या सुमारे साडेअकरा मीटरला एक याप्रमाणे भेटतील. १० अंश नतीच्या तितक्याच दाट भेगा मात्र जवळजवळ मीटरला एक दिसतील. यादीतील संख्या तशीच घेतली तर खडकात आडव्या भेगाच जास्त आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ही विषमता सुधारण्यासाठी १९६५ मध्ये रूथ टर्झागी यांनी सुचवलेली दुरुस्ती करतात: प्रत्येक भेगेला, तिचे प्रतल आणि विवराचा अक्ष यांतील कोनाच्या साइनने १ ला भागून, भार द्यायचा. कोन फार लहान असेल तर हा भार बेसुमार वाढतो, म्हणून त्याला एक कमाल मर्यादा घालावी आणि ती अहवालात लिहावी. उभ्या भेगाच महत्त्वाच्या असतील तर गणितापेक्षा एक तिरपे विवर खोदणे हा अधिक भरवशाचा उपाय आहे.

भेगांचे गट पाडताना स्टिरिओनेट, म्हणजे प्रतलांची दिशा व नती एकत्र दाखवणारा गोल आलेख, वापरावा. गुलाबाकृती आलेखात केवळ दिशा दिसते, नतीचा कोन हरवतो आणि आडव्या व उभ्या भेगा एकाच पाकळीत मिसळतात. प्रत्येक नोंदीत खोली, नती, नतिदिशा, प्रकार, उघडी-भरलेली हा निर्णय आणि त्या निर्णयाची खात्री किती याचा दर्जा असावा. स्वयंचलित ओळख करणारी सॉफ्टवेअर थरांसाठी बरी चालतात. भेगांसाठी मात्र त्यांनी काढलेला प्रत्येक वक्र माणसाने पाहून मंजूर किंवा नामंजूर करावा.

ज्या टप्प्यात उपकरण अडकले, पॅड भिंतीपासून सुटले, माळ फिरली नाही किंवा विवर ढासळले होते, तिथे रकान्यात शून्य न लिहिता 'नोंद उपलब्ध नाही' असे लिहावे आणि भेगांची घनता काढताना तेवढी लांबी हिशेबातून वजा करावी. विवर सर्वाधिक ढासळते ते बहुधा भेगाळलेल्या पट्ट्यातच, त्यामुळे या रिकाम्या टप्प्यांची यादी प्रतिमेसोबत पुढच्या अभियंत्याच्या हाती देणे आवश्यक ठरते.